पासंग

रिक्षावाल्याने आरशातून मागे पाहत विचारलं, "एवढी लांब पेटी कसली हो?" आणि मी लगेच म्हणालो, "गिटार."

पेटी माझ्या मुलीच्या मांडीवर आडवी होती. आत गिटार नव्हती, छऱ्याची रायफल होती. मुलगी चौदा वर्षांची आहे आणि दोन वर्षांपासून नेमबाजी शिकते. तेव्हा ती काही बोलली नाही. द्वारकेच्या सिग्नलला रिक्षा थांबली, तेव्हा तिने हळूच विचारलं, "अब्बू, गिटार का?"

"उगाच चौकशा कशाला," मी म्हणालो.

तिने मान हलवली आणि बाहेर बघू लागली. उत्तर तिला पटलं नव्हतं, मलाही नव्हतं.

कायद्याने खोटं बोलायचं काहीच कारण नव्हतं. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ४.५ मिलिमीटर व्यासाच्या आणि २० जूलपेक्षा कमी ऊर्जेच्या हवेच्या रायफलीला परवाना लागत नाही. तरीही पेटीच्या कप्प्यात मी पावती, क्लबचं ओळखपत्र, स्पर्धेची प्रमाणपत्रं आणि या सगळ्यांच्या झेरॉक्स ठेवतो. पण रिक्षावाल्याने प्रश्न विचारला तेव्हा मला कायदा आठवला नाही. "मुसलमानाच्या घरात बंदूक" हे तीन शब्द कुणाच्या तरी तोंडून कसे ऐकू येतील, तेवढंच आठवलं. त्या बिचाऱ्याच्या मनात तसं काही होतं की नाही, हे मी तपासलंच नाही.

हे सगळं आज लिहितोय ते मे महिन्यातल्या एका रविवारामुळे. त्या दिवशी माझ्या मुलीने मला दुर्बिणीच्या रायफलीचं शून्य कसं लावतात ते शिकवलं, आणि माझ्या वडिलांनी शेजारी बसून त्यावर दोन-तीन वाक्यं टाकली. शून्य लावण्याची रीत नवशिक्यांना उपयोगी पडेल म्हणून तीही सविस्तर सांगतो.

आधी वडिलांविषयी. अब्बांनी सगळं आयुष्य भद्रकालीतल्या एका अरुंद दुकानात वजनकाटे दुरुस्त करण्यात घालवलं. माझ्या लहानपणी दुकानाच्या छताला तराजू टांगलेले असायचे, सोनारांचे नाजूक आणि भुसारवाल्यांचे दणकट. लोखंडी वजनांच्या बुडाला एक भोक असतं, त्यात शिसं भरलेलं असतं. वजन झिजलं की त्यात शिसं वाढवायचं, जास्त भरलं की खरवडायचं, आणि मग वैधमापनवाल्यांकडून शिक्का मारून घ्यायचा. पुढे इलेक्ट्रॉनिक काटे आले, तेही अब्बा शिकले. आता वय अठ्ठ्याहत्तर, दुकान बंद आहे, पण जुन्या गिऱ्हाइकांचे फोन येतात.

त्यांच्या धंद्यातला एक शब्द आपल्या सगळ्यांच्या तोंडात आहे, पण अर्थ बऱ्याच जणांना ठाऊक नसतो. तो शब्द म्हणजे पासंग. "तो याच्या पासंगालाही पुरणार नाही" असं आपण म्हणतो. तराजूची दोन्ही पारडी रिकामी असताना दांडी सरळ राहिली पाहिजे. ती एका बाजूला कलत असेल, तर वर गेलेल्या पारड्यात खडा, चिंचोका, तारेचा तुकडा असं काहीतरी ठेवून ती सरळ करतात. तो खडा म्हणजे पासंग. पासंग ठेवून केलेलं वजन बरोबर येतं. पण काटा दुरुस्त झालेला नसतो. खडा पडला, कुणी बदलला, की हिशेब गेला. अब्बा पासंगाचा तराजू दुकानात ठेवून घेत नसत. "दांडी दुरुस्त करून नेणार असशील तर ठेव," म्हणायचे. कुराणातली सूरह मुतफ्फिफीन, मापात मारणाऱ्यांबद्दलची, ही त्यांची धंद्यातली सूरह. तिची आठवण ते गिऱ्हाइकाला करून देत नसत, स्वतःला द्यायचे.

आता तो रविवार. पिंपळगाव बसवंतजवळ एक द्राक्ष बागायतदार आहेत, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. त्यांच्या पॅकिंग शेडमधले काटे अब्बांनी वर्षानुवर्षं सांभाळले. काही वर्षांपूर्वी अण्णांनी बागेतली पाखरं हुसकायला छऱ्याची बंदूक घेतली, वर दुर्बीण बसवलेली. मग कुणीतरी सांगितलं, की पाखरं मारणं वन्यजीव कायद्यात गुन्हा आहे. अण्णांनी बागेवर जाळी टाकली आणि बंदूक पलंगाखाली गेली. या उन्हाळ्यात त्यांच्या नातवाने ती बाहेर काढून कागदावर मारून पाहिली. अण्णांचा फोन आला, "चाचा, दुर्बिणीतून बघतो एकीकडं आन लागतं भलतीकडंच. तुमच्या नातीला म्हणावं, जरा बघून दे."

मुलीने आधीच सांगून टाकलं, "दादा, मी दुर्बीण वापरत नाही हं." आजोबांना ती दादा म्हणते. तिचं म्हणणं खरं होतं. ऑलिंपिकच्या रायफल प्रकारांत दुर्बिणीला परवानगीच नाही. मागे बारीक भोकाची चकती असते, पुढे नळीच्या टोकाला एक कडं. भोकातून कडं, कड्यात काळा गोल, असं एकात एक बसवायचं. दहा मीटरच्या निशाण्यावरचा दहा गुणांचा ठिपका फक्त अर्धा मिलिमीटरचा असतो. कोल्हापूरकडच्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे, नाशिकच्या क्रीडा प्रबोधिनीत घडलेला, तेव्हा रेल्वेत तिकीट तपासनीस असलेला, त्याने १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं कांस्य जिंकलं ते अशाच चकतीतून बघून. अंतिम फेरीतले ४५१.४ गुण आमच्या घरी पाढ्यासारखे पाठ आहेत. आणि नाशिकमध्ये नेमबाजीचं बोलणं निघालं की भीष्मराज बामांचं नाव येतंच. निवृत्त पोलीस अधिकारी, खेळाडूंच्या मनावर काम करणारा माणूस. ते २०१७ साली गेले. त्यांचं 'विजयाचे मानसशास्त्र' मुलीच्या टेबलावर आहे.

"पण शून्य लावायची रीत सारखीच असते," ती म्हणाली. "चकती काय, दुर्बीण काय. चला."

हंगाम संपल्यामुळे शेड रिकामी होती. मुलीने सगळ्यात आधी जागा बघितली. एका टोकाला भिंतीशी मातीच्या गोण्या रचल्या, त्यांच्यापुढे जाड फळी, फळीपुढे रद्दीने गच्च भरलेला खोका, खोक्यावर कागद. कडक पृष्ठभागावरून छर्रा उलटा येतो म्हणून एवढी तयारी. सगळ्यांना चष्मे. तिकडचं दार आतून बंद. बंदूक रिकामी असली तरी भरलेलीच समजायची, नळी कुणाकडे वळवायची नाही, आणि नेम धरल्याशिवाय बोट घोड्यावर ठेवायचं नाही. हे तिने अण्णांच्या नातवाकडून दोनदा वदवून घेतलं. माझ्याकडूनही. टेपने दहा मीटर मोजून चुन्याची रेघ मारली. त्या रेघेच्या पुढे कुणी जायचं नाही.

मग तिने दुर्बिणीला हात लावला, तोही आधी फक्त स्क्रूंना. दुर्बीण ज्या कड्यांनी बंदुकीवर धरलेली असते त्यांचे दोन स्क्रू सैल होते. स्प्रिंगच्या बंदुकीत आत एक जड दट्ट्या पुढे आदळतो, त्यामुळे धक्का मागे बसतो आणि पुढेही. या दुहेरी हिसक्याने दुर्बीण हळूहळू सरकते, साधी असेल तर बिघडतेही. "निम्म्या लोकांचं शून्य इथेच हलतं," ती म्हणाली. "ते चकत्या फिरवत बसतात आणि स्क्रू सैल असतो." आवळण्याआधी तिने शेडच्या कडीला दोरा बांधून खाली एक नट लटकवला. गवंड्याचा ओळंबाच तो. दुर्बिणीतली उभी रेघ त्या दोऱ्याला समांतर होईपर्यंत दुर्बीण कड्यांत फिरवली. ही रेघ तिरपी राहिली तर चकती 'वर' फिरवल्यावर छर्रा वर जातो आणि बाजूलाही. मग चारही स्क्रू आळीपाळीने, थोडे थोडे आवळले. मोटारीच्या चाकाचे नट आवळतात तसे.

नंतर डोळ्याकडची काच फिरवून फुली स्पष्ट केली. त्यासाठी भिंतीकडे बघायचं किंवा मोकळ्या आकाशाकडे. सूर्याकडे कधीही नाही.

दुर्बिणीवर दोन चकत्या असतात, एक माथ्यावर आणि एक उजव्या बाजूला. माथ्यावरची छर्रा वरखाली नेते, बाजूची डावीउजवीकडे. झाकण काढलं की बाण दिसतो, 'वर' किंवा 'उजवीकडे' असा. नवशिक्यांचा गोंधळ इथे होतो. बाण फुली कुठे जाणार हे सांगत नाही. छर्रा कुठे जाणार ते सांगतो. छरे खाली लागत असतील तर 'वर'च्या दिशेने फिरवायचं. फिरवताना बोटाला टक टक जाणवतं, त्याला क्लिक म्हणतात. अण्णांच्या नातवाने आधीच दोन्ही चकत्या मनाला येईल तशा फिरवल्या होत्या. म्हणून मुलीने माथ्यावरची चकती अलगद एका टोकापर्यंत नेली, तिथून दुसऱ्या टोकापर्यंतचे क्लिक मोजले आणि निम्मे मागे आली. बाजूच्या चकतीचंही तेच. टोकाला जोर लावायचा नाही, आतला आटा तुटतो.

"आता अब्बू मारतील," ती म्हणाली. "मी मारलं तर माझं शून्य होईल. नवशिक्याला कळू दे."

मी टेबलाशी बसलो. पुढे वाळूची पिशवी, पिशवीवर माझा डावा पंजा, पंजावर बंदूक. स्प्रिंगची बंदूक सरळ पिशवीवर टेकवली किंवा घट्ट आवळली तर दर वेळी वेगळी उडते. ती सैल धरायची, मागे यायला मोकळी ठेवायची, तोफेसारखी. या धरण्याला नावही तेच आहे, आर्टिलरी होल्ड. अण्णा हसले. देवळालीला तोफखान्याची शाळा असल्यामुळे आमच्याकडे तोफ कुणाला नवी नाही.

पहिला छर्रा मारला. फुली बरोबर मधल्या ठिपक्यावर होती, छर्रा लागला खाली, डावीकडे. मी लगेच चकतीला हात घातला आणि थोडी वर फिरवली. दुसरा छर्रा आणखीच डावीकडे. मी बाजूची चकती फिरवली. तिसरा वर गेला.

"थांबा," मुलगी म्हणाली. "तुम्ही काय करताय?"

"दुरुस्त करतोय."

"काय दुरुस्त करताय? एका छऱ्यावरून काय कळतं? श्वास हलला असेल, छर्रा वाकडा असेल, तुम्हीच हलला असाल. एक छर्रा म्हणजे अफवा. पाच मारा, एकाच ठिकाणी नेम धरून. मग बोलू."

तिने चकत्या होत्या तिथे आणल्या, मी किती क्लिक फिरवलेत ते तिने मनात मोजलं होतं. मग मी पाच छरे मारले. मध्ये कागदाकडे बघायची परवानगी नव्हती, म्हणजे फुलीतून फक्त ठिपका बघायचा, भोकं नाहीत. हे अवघड जातं. भोक चुकीच्या जागी दिसत असलं की पुढच्या वेळी हात आपोआप विरुद्ध बाजूला ओढला जातो.

पाच भोकं एका रुपयाच्या नाण्याखाली झाकली जातील अशी जवळजवळ पडली. पण सगळी ठिपक्यापासून दूर. मला वाईट वाटलं, तिला आनंद झाला. "एकत्र आहेत ना, झालं तर. बंदूक बरोबर आहे, तुम्ही बरोबर आहात. फक्त दुर्बीण आणि नळी वेगवेगळ्या ठिकाणी बघताहेत." छरे चहूकडे विखुरले असते तर शून्य लावण्यात अर्थ नव्हता. आधी कारण शोधावं लागलं असतं, सैल स्क्रू, वाईट छरे किंवा वाईट हात.

तेवढ्यात मी म्हणालो, "मग सोपं आहे. दर वेळी थोडं वर आणि उजवीकडे नेम धरतो. लागेल मध्ये."

अब्बा खाटेवर बसून इतका वेळ गप्प होते. ते म्हणाले, "हा पासंग झाला."

मुलीला शब्द माहीत नव्हता. त्यांनी समजावला. ती म्हणाली, "हो दादा, तेच. मॅचमध्ये साठ शॉट असतात. साठ वेळा चुकीच्या जागी बघून बरोबर मारायचं? आणि एकदा घाबरलं की विसरणार, किती वर, किती उजवीकडे."

तिने पट्टीने मोजलं. पाच भोकांच्या मधोमध पेन्सिलीची खूण करून तिथून ठिपक्यापर्यंत अंतर काढलं. सगळ्यात चांगल्या भोकापासून मोजायचं नाही, कारण ते भोक आपल्याला आवडतं एवढंच त्याचं महत्त्व. अंतर निघालं २२ मिलिमीटर खाली, ११ मिलिमीटर डावीकडे. दुर्बिणीच्या चकतीवर लिहिलं होतं, एक क्लिक म्हणजे पाव मिनिट. हे घड्याळातलं मिनिट नाही, कोनाचं आहे, एका अंशाचा साठावा भाग. पाव मिनिटाने शंभर मीटरवर छर्रा साधारण ७.३ मिलिमीटर सरकतो. दहा मीटरवर त्याच्या दहावा हिस्सा, ०.७३. म्हणजे २२ भागिले ०.७३, तीस क्लिक वर. ११ भागिले ०.७३, पंधरा क्लिक उजवीकडे. मी कॉलेजात कॉमर्स शिकवतो, पण हे त्रैराशिक मला तिने मांडल्यावर समजलं. अण्णांच्या नातवाचं बिनसलं होतं ते इथेच. तो तीन-चार क्लिक फिरवायचा आणि फरक दिसत नाही म्हणून दुर्बीण खराब ठरवायचा. जवळच्या अंतरावर क्लिक जास्त लागतात.

तिने तीस आणि पंधरा मोजून फिरवले. दोन छरे मारायला लावले, ते धरायचे नाहीत, आतले भाग जागेवर बसण्यासाठी. मग पुन्हा पाच. या वेळी पाचही भोकं ठिपक्याला वेढून पडली. डावीकडे किंचित कल होता, तिने दोन क्लिक दिले. पुन्हा पाच. झालं.

मला वाटलं, संपलं. तिने पेटीतून बारीक एलन की काढली. "आता खरं शून्य," ती म्हणाली.

चकतीवर आकडे असतात, शून्यापासून पुढे. एवढे क्लिक फिरवल्यावर माथ्यावरच्या चकतीवर खुणेच्या रेघेसमोर भलताच आकडा आला होता. छरे बरोबर मध्ये लागत होते आणि आकडा मात्र तिसराच. तिने चकतीवरचा बारीक स्क्रू सैल केला. आता आकड्यांचं कडं आतल्या दांड्याला न हलवता मोकळं फिरत होतं. शून्य रेघेसमोर आणलं, स्क्रू पुन्हा आवळला. हे करताना एकही क्लिक ऐकू येता कामा नये. क्लिक आला म्हणजे आतला दांडाही फिरला, म्हणजे लावलेलं शून्य गेलं. काही दुर्बिणींत स्क्रू नसतो, कडं वर ओढून फिरवायचं असतं, पण तत्त्व तेच. बाजूच्या चकतीचंही असंच केलं आणि खात्रीसाठी आणखी तीन छरे मारले. ठिपक्यातच लागले.

"मग हे आधीच का नाही केलं?" नातवाने विचारलं. "सुरुवातीलाच शून्यावर ठेवलं असतं."

याचं उत्तर अब्बांनी दिलं. शेडमधल्या इलेक्ट्रॉनिक काट्याकडे बोट करून ते म्हणाले, "त्या काट्यावर एक क्रेट ठेव आणि झिरोचं बटण दाब. काटा काय दाखवेल?"

"शून्य."

"क्रेटचं वजन शून्य झालं का?"

पोरगं हसलं. अब्बा म्हणाले, "शून्य लिहिल्याने शून्य होत नाही, बेटा. आधी काटा दुरुस्त होतो, तपासला जातो, मग त्या जागेला शून्य म्हणायचं."

आणि शून्य एवढ्यासाठी, की परत येता यावं. दुर्बीण नळीच्या चार-पाच सेंटिमीटर वर बसलेली असते. छर्रा नळीतून खालून निघून नजरेच्या रेघेला गाठतो, आणि पुढे वजनाने खाली येऊ लागतो. त्यामुळे दहा मीटरचं शून्य वीस मीटरला चालत नाही. तिथे आणखी काही क्लिक लागतात, ते मारून बघून वहीत लिहायचे. काम झालं की चकती परत शून्यावर. वहीत अंतर, छऱ्याचं वजन, तारीख हेही लिहायचं, कारण छरे बदलले की शून्य बदलतं. मुलीने अण्णांच्या नातवाला वही घालून दिली. जेवणाआधी अब्बांनी सगळ्यांना साबणाने हात धुवायला लावले. छरे शिशाचे असतात आणि शिसं त्यांनी आयुष्यभर हाताळलंय.

परतीच्या वाटेवर गाडीत मागे मुलगी झोपली होती. अब्बा शेजारी होते. मी त्यांना गिटारची गोष्ट सांगितली.

मग बोलता बोलता बाकीच्याही निघाल्या. भाड्याचं घर शोधताना फोनवर आडनाव शेवटी सांगायचं. क्रिकेटच्या मॅचला स्टाफरूममध्ये इतरांपेक्षा थोडं जास्त ओरडायचं. वर्गात एखादा मुद्दा मांडायच्या आधी 'मीही याचा निषेध करतो' हे कुणी न विचारताच म्हणून टाकायचं. "तुम्ही अगदी मुसलमान वाटत नाही, सर" असं कुणी कौतुकाने म्हटलं तर हसून घ्यायचं. बोलायचं असतं एक, बोलतो त्याच्या थोडं वर, थोडं उजवीकडे. समोरच्याच्या मनातला कल आधीच गृहीत धरून. आणि बऱ्याचदा लागतंही बरोबर, म्हणून सवय मोडत नाही.

"त्यांचा काटा कलता असतोच बऱ्याचदा," मी म्हणालो. "खोटं आहे का?"

अब्बा बराच वेळ गप्प राहिले. ओझर मागे पडलं. मग म्हणाले, "खोटं नाही. मीही केलंय. भद्रकालीत बसून धंदा करताना पासंग ठेवावाच लागतो कधी कधी, पोट असतं. पण तू किती छऱ्यांवरून ठरवलंस? रिक्षावाल्याने एकच प्रश्न विचारला होता."

मला उत्तर सुचलं नाही. मला त्यांना सांगायचं होतं, की माझे पाच नाही, पन्नास छरे झालेत, एकाच जागी लागलेले. तेही खरं होतं. पण ते सगळे त्या रिक्षावाल्याने मारलेले नव्हते.

"आणि दुसरं," ते म्हणाले, "तुझा पासंग तुझ्याबरोबर जाईल. पोरीच्या पारड्यात कशाला टाकतोस?"

त्यानंतरच्या शनिवारी सरावाहून आम्ही परत आलो. आमच्या सोसायटीच्या गेटवर नवीन रजिस्टर आलंय, मोठं सामान आत-बाहेर नेलं की नोंद करायची. वॉचमन मामा वही घेऊन पुढे आले. मुलगी पेटी सावरत उभी होती. मी घसा साफ केला आणि म्हणालो, "मामा, यात रायफल आहे. छऱ्याची. मुलगी नेमबाजी खेळते. कागदपत्रं आहेत, दाखवू का?"

कागदपत्रं मी विचारण्याआधीच पुढे केली, हे माझ्या नंतर लक्षात आलं. एवढा पासंग राहिलाच.

मामांनी कागदांकडे बघितलंही नाही. ते लिहीत होते. "ठाऊकंय की साहेब," ते म्हणाले. "ताई दोन वर्षं झाली सांगतीय. परवा जिल्ह्याच्या स्पर्धेत किती पडले म्हणालीस ताई, सहाशे पाच?"

"सहाशे सात पॉइंट दोन," मुलगी म्हणाली.

त्यांनी रजिस्टरमध्ये लिहिलेलं मी वाकून पाहिलं. तारीख, वेळ, फ्लॅट नंबर, आणि सामानाच्या रकान्यात, रायफल. त्यावरच्या ओळीत कुणाचा तरी गॅस सिलिंडर होता, खालच्या ओळीत फ्रिज.